हजिऱ्याची गिरणी आणि शेजाऱ्याचा ताग

ग्वाल्हेरच्या हजिऱ्यास जाणारा मराठी प्रवासी बहुधा तानसेनाच्या ओढीने जातो. महंमद घौस यांचा दगडी जाळ्यांचा विस्तीर्ण मकबरा, त्याच्या शेजारी त्या गायकश्रेष्ठाची अगदी साधी समाधी, आणि जिची पाने चघळली असता कंठ मधुर होतो अशी भाविक समजूत आहे ती चिंच, एवढे पाहून तो परततो. ‘हजीरा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा असा आहे. परंतु विसाव्या शतकात या वस्तीची ओळख कबरींहून अधिक गिरणीच्या भोंग्याने झाली, हे प्रवाशांच्या ध्यानी येत नाही. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, १९२१ साली, घनश्यामदास बिर्ला यांनी येथे जियाजीराव कॉटन मिल उभारली. तिच्याभोवती बिर्लानगर वसले आणि हजीरा हा कामगारांचा गजबजलेला मोहल्ला झाला. याच बिर्लांनी दोनच वर्षे आधी, १९१९ मध्ये, कलकत्त्यास तागाची गिरणी काढली होती. युरोपियनांच्या हाती असलेल्या त्या धंद्यात देशी भांडवलाने टाकलेल्या पहिल्या पावलांपैकी ते एक होते.

एका मालकाच्या या दोन गिरण्या, एक कापसाची व एक तागाची, आम्ही मुद्दाम जवळजवळ ठेवल्या आहेत. १९४७ च्या ऑगस्टात देशाची जी विभागणी झाली तिने या दोन्ही तंतूंच्या शेतांची आणि यंत्रांची ताटातूट केली. एका देशाकडे यंत्रे राहिली, दुसऱ्याकडे पीक गेले. पुढे या दोन शेजाऱ्यांनी परक्या देशांतून कोणता तंतू किती व का आणला, हा हिशेब वरवर पाहता व्यापाऱ्यांच्या वहीतला वाटेल. परंतु त्यात दोन राज्यांच्या स्वभावांचा इतिहास उतरला आहे असे आमचे मत आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरला पाहिजे. व्यापारात वनस्पतींच्या तंतूंचे मृदु व कठीण असे दोन वर्ग करतात. आमच्या कोकणातला काथ्या, आणि घायपाताचा वाख, हे कठीण वर्गातले. सालीपासून निघणारे ताग, अंबाडी, शण, जवस यांचे तंतू मृदु वर्गातले. त्यातही ‘ताग’ हा आपल्याकडे दोन अर्थांनी चालणारा शब्द आहे. देशावरचा शेतकरी पिवळ्या फुलांचा जो ताग शेतात गाडून त्याचे हिरवे खत करतो तो संस्कृतातला शण होय. आणि बंगाली लोक ज्याला पाट म्हणतात तो निराळा, पाणथळ प्रदेशात वाढणारा. कलकत्त्याच्या गिरण्या चालतात त्या या पाटावर. आपल्या ‘गोणपाट’ या शब्दात गोणी आणि पाट शेजारी बसलेले दिसतात. व्युत्पत्ती तशीच असेल असा आग्रह मात्र आम्ही धरीत नाही. अंबाडीची भाजी तर आपण आवडीने खातो, पण तिच्या सालीचा तंतू तागात मिसळून गिरण्या वापरतात हे गृहिणींना क्वचितच ठाऊक असते.

या तंतूंचा मान आपल्या परंपरेत जुना आहे. ‘गोणी’ हा शब्द पाणिनीच्या सूत्रांत धान्य भरण्याचे साधन या अर्थी आला आहे आणि इंग्रजांनी पोत्याला दिलेले नावही त्याच शब्दावरून निघाले. मनुस्मृतीत क्षत्रियाचे यज्ञोपवीत शणाच्या सुताचे असावे असे सांगितले असून वैश्याच्या मुंजीतली मेखलाही शणाचीच आहे. सोवळ्यातले ‘क्षौम’ हे मुळात जवसाच्या तंतूचे वस्त्र. पुढे तो शब्द रेशमालाही लावू लागले. म्हणजे ज्या वस्तूला आज आपण तरट म्हणून उंबऱ्याबाहेर टाकतो, तिच्या जातीचे तंतू एके काळी देवघरात होते. असो.

बंगालच्या पाटाला जगाच्या बाजारात नेले ते स्कॉटलंडातील डंडी शहराने. डच सरकारने १८३८ साली आपल्या जावा बेटांतील कॉफीसाठी तागाच्या पोत्यांची मागणी डंडीकडे नोंदविली. नंतर १८५४ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाचा जवस व अंबाडा मिळेनासा झाला, तेव्हा डंडीचे मागवाले पूर्णपणे बंगालकडे वळले. दूरच्या एका युद्धामुळे मैमनसिंगच्या शेतकऱ्याचे पीक बदलले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अशा गोष्टी या इतिहासात पुन्हा पुन्हा येतात. १८५५ मध्ये जॉर्ज ऑक्लंड याने हुगळीकाठी रिश्रा येथे पहिली तागगिरणी घातली आणि पन्नास-साठ वर्षांत कलकत्त्याने डंडीला मागे टाकले. गिरण्या हुगळीच्या दोन्ही तीरांवर दाटल्या, पण उत्तम पीक मात्र पूर्वेस, ब्रह्मपुत्रा व मेघना यांच्या खोऱ्यांत. मधला प्रवास नावांचा. पीक एका जिल्ह्यात आणि यंत्र दुसऱ्या जिल्ह्यात असावे यात त्या वेळी कोणाला धोका दिसला नाही, कारण सर्व एकाच सत्तेखाली होते.

सिरिल रॅडक्लिफ हे पेशाने वकील. ते जुलै १९४७ मध्ये प्रथमच हिंदुस्थानात आले आणि सुमारे पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब व बंगाल या दोहोंच्या सीमा आखल्या. निवाडा १७ ऑगस्टला प्रसिद्ध झाला. त्यांच्यासमोरचे प्रमुख गमक लोकसंख्येचे होते. ‘इतर बाबी’ विचारात घेण्याची मुभाही कार्यकक्षेत होती, पण शेत आणि गिरणी एका बाजूस ठेवणे त्या गमकात बसणारे नव्हते. परिणामी शंभराहून अधिक तागगिरण्या सर्वच्या सर्व भारतात राहिल्या आणि अखंड हिंदुस्थानच्या तागापैकी सुमारे तीन चतुर्थांश पिकविणारा पूर्व बंगाल पाकिस्तानात गेला. पश्चिमेकडे हेच चित्र कापसाचे. सिंध व पश्चिम पंजाबातील कालव्यांखालचा लांब धाग्याचा कापूस, अखंड देशाच्या पिकाचा सुमारे दोन पंचमांश, पाकिस्तानकडे गेला; चारशेच्या आसपास असलेल्या कापडगिरण्यांपैकी वीसही तिकडे गेल्या नाहीत. मुंबई, अहमदाबाद, सोलापूर आणि हजीरा यांची यंत्रे जागच्या जागी उभी, आणि कापसाची एक मोठी वखार परमुलखात.

पहिले काही महिने जुनी व्यवस्था चालू राहिली. दोन्ही देशांत ठराव झाला होता की २९ फेब्रुवारी १९४८ पर्यंत सीमेवर जकातीची भिंत उभारू नये. परंतु तेवढा धीर धरवला नाही. तागाच्या निर्यातकरावरून तंटा उपस्थित झाला. हा कर म्हणजे सामान्य कर नव्हे, आणि येथे आम्हा कायदेवाल्यांना थोडे रेंगाळण्याची परवानगी वाचकांनी द्यावी. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याच्या १४० व्या कलमान्वये या कराचे निदान निम्मे उत्पन्न ताग पिकविणाऱ्या प्रांतांना, ज्याच्या त्याच्या पिकाच्या प्रमाणात, द्यावे लागे. नीमेयर यांच्या शिफारशीने तो हिस्सा साडेबासष्ट टक्के झाला होता. कर वसूल होई कलकत्त्याच्या बंदरात. आता बंदर भारताचे आणि पीक पाकिस्तानचे. कलकत्त्यात वसूल होणाऱ्या पैशावर हक्क कोणाचा? पाकिस्तानने सीमेवरच आपला वेगळा निर्यातकर बसवून या प्रश्नाचे उत्तर परस्पर देऊन टाकले. १ मार्च १९४८ पासून दोन्ही देश जकातीच्या कामी एकमेकांना परदेश मानू लागले. नारायणगंजहून कलकत्त्यास येणारा ताग त्या दिवसापासून ‘आयात’ झाला. त्यापूर्वी हा शब्द त्याला कोणी लावला नव्हता.

या तंट्याची एक खूण भारताच्या राज्यघटनेतच राहून गेली आहे. अनुच्छेद २७३ अन्वये आसाम, बिहार, ओरिसा व पश्चिम बंगाल या राज्यांना तागावरील निर्यातकराच्या वाट्याऐवजी केंद्राने अनुदान द्यावे, आणि ते तो कर चालू असेपर्यंत किंवा घटनेच्या प्रारंभापासून दहा वर्षे, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत द्यावे, असे ठरले. १९६० च्या जानेवारीत ती मुदत संपली. तरतूद मात्र पुस्तकात तशीच आहे. अनुदानाचे आकडे ठरविले ते आपल्या कोलाबा जिल्ह्याचे, म्हणजे आजच्या रायगडचे, चिंतामणराव देशमुख यांनी. १९५० च्या आरंभीच्या त्यांच्या निवाड्यात पश्चिम बंगालला १०५ लाख, आसामला ४० लाख, बिहारला ३५ लाख आणि ओरिसाला ५ लाख रुपये मिळाले. पश्चिम बंगालचे त्याने समाधान झाले नाही. ज्या प्रांताने पीक गमावले आणि निर्वासित पत्करले, त्याला वाटाही कमी मिळावा, या तक्रारीत तथ्य नव्हते असे आम्हांस म्हणवत नाही.

घटनेचा पहिला मसुदा सिद्ध करणारे बेनेगल नरसिंग राव आणि जुलै १९४९ पासून रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असलेले बेनेगल रामा राव हे सख्खे बंधू, चित्रापूर सारस्वत समाजातले, हे या मासिकाच्या वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. पण तागाच्या भांडणातला सर्वांत कठीण प्रसंग रामा रावांच्या कारकीर्दीच्या तिसऱ्याच महिन्यात आला. १८ सप्टेंबर १९४९ रोजी ब्रिटनने पौंडाचे मोल ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणले. स्टर्लिंग गटातील बहुतेक देशांप्रमाणे भारतानेही रुपयाचे मोल ३०.५ टक्क्यांनी उतरविले. पाकिस्तानने ते उतरविण्याचे नाकारले. आदल्या दिवशीपर्यंत दोन्ही रुपये समान होते. आता पाकिस्तानचे शंभर रुपये भारताच्या १४४ रुपयांबरोबर झाले. कलकत्त्याच्या गिरणीवाल्यास तोच ताग एका रात्रीत जवळजवळ दीडपट दराने घेणे आले.

भारताने हा दर मान्य करण्यास नकार दिला आणि व्यापार थांबला. आधी खरेदी झालेला ताग पूर्व बंगालात अडकून पडला. डिसेंबरात भारताने पाकिस्तानला जाणारा कोळसा बंद केला. हुगळीकाठच्या गिरण्यांनी कामाचे तास कमी केले. तिकडे पाकिस्तानने ताग मंडळ स्थापून खरेदीची हमी घेतली, तरी गिऱ्हाईक तुटल्यामुळे खेड्यात भाव घसरले आणि रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे नावा जाऊ लागल्या. ज्या कुळाने कर्ज काढून पाट पेरला होता त्याला राज्याच्या चलनाचा अभिमान कितपत परवडला असेल, याचा विचार कराचीत झाला नाही. आणि दिल्लीत झाला असे मानण्यास आधार नाही.

यात कोण बरोबर? आपल्या नाण्याचे मोल ठरविणे हा सार्वभौम राज्याचा अधिकार आहे, आणि कायद्याच्या दृष्टीने पाकिस्तानकडे बोट दाखविता येत नाही. अर्थकारणाच्या दृष्टीनेही, जो देश मुख्यतः ताग व कापूस विकून यंत्रे विकत आणू पाहतो त्याने आपले नाणे महाग ठेवावे, यात अगदीच वेडेपणा नव्हता. जून १९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले, कच्च्या मालाचे भाव आकाशाला भिडले आणि पाकिस्तानची बाजू काही काळ खरी ठरली. एप्रिल १९५० मध्ये, नेहरू-लियाकत करारापाठोपाठ, तात्पुरती तडजोड झाली होती. फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने पाकिस्तानी रुपयाचा दर मान्य केला. नंतर १९५५ मध्ये पाकिस्ताननेही आपला रुपया उतरविला. तेव्हा दोन्ही देशांनी जे अखेर केले, ते सहा वर्षे आधी एकत्र बसून करता आले असते, असे आमचे मत आहे. पण एव्हाना दोघांनीही परस्परांवाचून जगण्याची तयारी सुरू केली होती, आणि ती पुन्हा मोडणे नव्हते.

भारताने भातखाचरांत ताग पेरला. १९४७-४८ साली आपले पीक सुमारे १७ लाख गाठींचे होते (गाठ म्हणजे ४०० रत्तल). १९५०-५१ मध्ये ते ३३ लाखांवर गेले. पश्चिम बंगाल, आसाम, बिहार, ओरिसा येथे नवीन जमीन लागली. आंध्र किनाऱ्यावरची अंबाडीही गिरण्यांत मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. ज्या वर्षांत देश परदेशांतून धान्य आणीत होता त्याच वर्षांत त्याने भाताची जमीन पोत्यांसाठी दिली. हा सौदा महाग होता. पाकिस्तानने उलट दिशेने पाऊल टाकले: पीक होतेच, यंत्रे आणली. नारायणगंज येथील आदमजी गिरणी डिसेंबर १९५१ मध्ये सुरू झाली आणि पुढे जगातील सर्वांत मोठी तागगिरणी म्हणून गाजली. जूट विकून मिळणारे परकी चलन पश्चिमेकडे वळविले जाते ही पूर्व बंगालची तक्रार त्याच काळात मूळ धरू लागली, आणि तिची परिणती १९७१ मध्ये काय झाली हे सर्वविश्रुत आहे.

कापसाची कहाणी याच्या शेजारून जाते. लांब धाग्यासाठी भारताला इजिप्त, सुदान, पूर्व आफ्रिका यांच्याकडे पाहावे लागले; १९५६ पासून अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली गव्हाबरोबर कापूसही आला. हजिऱ्याच्या मालकांनी निराळा मार्ग काढला. १९४७ च्या ऑगस्टातच ग्वाल्हेर रेयॉन ही कंपनी नोंदली गेली, आणि १९५४ मध्ये उज्जैनजवळच्या नागद्यास, म्हणजे जुन्या ग्वाल्हेर संस्थानाच्याच मुलखात, लाकडाच्या लगद्यापासून कृत्रिम धागा निघू लागला. कापूस गेला तर झाडापासून धागा काढू, हा विचार धाडसाचा खरा. पण लगद्यासाठी पुढे केरळातील मावूरला बांबूची जंगले आणि चालियार नदीचे पाणी खर्ची पडले, हेही त्या हिशेबात धरले पाहिजे. परावलंबन संपले नाही; त्याने जागा बदलली.

१९६५ च्या युद्धात दोन देशांतला उरलासुरला व्यापार बंद पडला. आणि १९७१ नंतर तागाच्या इतिहासाने असे वळण घेतले की ते कोण्या कादंबरीकाराने घेतले असते तर वाचकांनी अतिशयोक्ती म्हटले असते. ज्या पाकिस्तानने १९४९ मध्ये भारताला ताग नाकारला, त्याच्याच हाती एक काडीही उरली नाही. पंजाबात मुजफ्फरगढ, जराँवाला वगैरे ठिकाणी तागगिरण्या होत्या, गव्हाला पोती लागत होती, आणि पाट पिकविणारी पाणथळ जमीन मात्र आता परराष्ट्रात होती. फाळणीने कलकत्त्याची जी दशा केली, तीच चोवीस वर्षांनी पश्चिम पंजाबाची झाली.

तेव्हापासून बांगलादेशाच्या कच्च्या तागाच्या गिऱ्हाइकांत भारत आणि पाकिस्तान हे दोघेही पुढच्या रांगेत आहेत. परंतु दोघांची आयात एकाच जातीची नाही. भारत हा ताग पिकविण्यात जगात पहिला असूनही तो विकत घेतो. कारण पूर्वेकडच्या तागाचा धागा उंची असतो, पाऊस लहरी असतो आणि ज्या वर्षी घरचे पीक बुडते त्या वर्षी हुगळीच्या गिरण्यांना सीमेपलीकडेच पाहावे लागते. त्याशिवाय तयार सूत व पोतीही तिकडून येतात, आणि खरे भांडण त्यांचेच आहे. पाकिस्तानची आयात साध्या गरजेची: पीक नाही, म्हणून गाठी घ्यावयाच्या, गव्हाची पोती विणावयाची. तेथे तागाची लागवड करण्याचे प्रयत्न झाले, पण ते फळास आले नाहीत. म्हणून ढाक्याने निर्यात रोखली की भारताला चिमटा बसतो, पाकिस्तानचा मात्र श्वास कोंडतो. २००९ व २०१५ साली ढाक्याने कच्च्या तागाची निर्यात काही काळ थांबविली तेव्हा हा फरक दिसून आला. ढाक्याचा हेतू उघड होता: कच्चा माल विकण्यापेक्षा पोती विकावीत. १९४९ मध्ये कराचीने आणि त्याआधी शंभर वर्षांपूर्वी डंडीने जो हिशेब केला तोच हा.

भारताने आपल्या गिरण्या कायद्याने राखल्या. १९८७ च्या अधिनियमाने काही माल तागाच्या वेष्टनातच भरला पाहिजे अशी सक्ती केली. सिमेंटवाल्यांनी तिला आव्हान दिले. धंद्याच्या स्वातंत्र्यावर हे अवाजवी बंधन आहे, एका उद्योगाच्या खर्चाने दुसरा का पोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९९६ मध्ये दालमिया सिमेंटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला. लक्षावधी ताग उत्पादकांची उपजीविका हा सार्वजनिक हिताचा विषय आहे असे त्याने मानले. निर्णयाशी आम्ही सहमत आहो, जरी सिमेंटची पिशवी गळते की नाही हा प्रश्न न्यायमूर्तींपेक्षा गवंड्याला अधिक कळतो. पुढे सिमेंट व खत यादीतून बाहेर पडलेच; धान्य आणि काही अंशी साखर राहिली. ही सक्ती आहे म्हणून हुगळीच्या गिरण्या चालतात, आणि ही सक्ती आहे म्हणूनच बांगलादेशी पोत्यांचा त्यांना धाक वाटतो. जानेवारी २०१७ मध्ये भारताने बांगलादेश व नेपाळच्या तागमालावर पाडभाव-विरोधी शुल्क बसविले आणि नंतर त्याची मुदत वाढविली.

कापसात तर दोघांचेही दैन्य प्रकट झाले. एके काळी कापूस विकून जगलेला पाकिस्तान गिरण्या वाढल्यावर व पीक घटल्यावर मोठा आयातदार झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये त्याने भारताशी व्यापार तोडला. ३१ मार्च २०२१ रोजी त्याच्या आर्थिक समितीने भारतीय कापूस व साखर आणण्यास अनुमती दिली आणि दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाने ती रोखली. सूतगिरण्या वाघ्यापलीकडचा कापूस सोडून सातासमुद्रांपलीकडचा आणीत राहिल्या. भारतानेही २०२१ मध्ये कापसावर आयातकर बसविला, २०२२ मध्ये काही महिने उठविला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा काही काळापुरता उठविला. विदर्भाच्या शेतकऱ्याने त्यावर काय म्हटले असेल ते वाचकांनी ताडावे. हजिऱ्याची गिरणी हे पाहण्यास राहिली नाही. १९९२ च्या सुमारास तिचा भोंगा थांबला आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न मागे दीर्घकाळ रेंगाळला.

तागाच्या बाबतीत पुढचे पाऊल २७ जून २०२५ चे. त्या दिवशीच्या अधिसूचनेने भारताने बांगलादेशातून येणारा ताग, त्याच वर्गातले सालीचे इतर तंतू, तागाचे सूत व न धुतलेले कापड यांना सर्व भूमार्ग बंद केले आणि एकच बंदर मोकळे ठेवले: आमच्या कोकण किनाऱ्यावरचे न्हावा शेवा. सप्टेंबरात ढाक्यानेही कच्च्या तागाच्या निर्यातीस सरकारी परवानगीची अट घातली. पेट्रापोलच्या नाक्यावरून ट्रकने काही तासांत हुगळीस पोचणाऱ्या गाठीला त्या अधिसूचनेप्रमाणे चितगावला जहाजात चढून, सिंहलद्वीपास वळसा घालून, उरणजवळ उतरावे लागे आणि तेथून साऱ्या देशाची रुंदी ओलांडून कलकत्त्यास परत जावे लागे.